पंधरा मिनिटांची नाडी

३ जून, सोमवार

आज मोठ्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. मोठे साहेब म्हणजे आमच्या हॉस्पिटलचे अधिष्ठाता. वर्कशॉपमध्ये मिस्त्री म्हणून मला बावीस वर्षं झाली. खाटा, पंप, सक्शन मशिनं, जे मोडेल ते माझ्याकडे येतं. एवढ्या काळात केबिनचं हे तिसरं बोलावणं.

"मिस्त्री," साहेब म्हणाले, "तुम्हाला एक यकृत बनवायचंय."

"कधीपर्यंत?" मी विचारलं. आमच्याकडे नाही म्हणायची सोय नाही, उशीर करायची आहे.

शेजारच्या खुर्चीत सर्जरीचे प्रमुख बसले होते. छाती टेबलाच्या पुढे आणि बाकीचे ते मागे. त्यांनी समजावलं. आजवर लिव्हरची ऑपरेशनं आपण पोट उघडून करतो. आता दुर्बिणीने करायची. पोटाला चार-पाच भोकं पाडायची. एकातून कॅमेरा आत जाणार, बाकीच्यांतून लांब दांड्यांची हत्यारं. डॉक्टर पडद्याकडे बघून कापणार. अडचण एकच, रक्त. लिव्हर म्हणजे रक्ताने भिजलेला स्पंज. पोट उघडं असलं तर हात घालून दाबता येतं, भोकातून हात जात नाही. म्हणून कापण्याआधी लिव्हरच्या देठाभोवती एक फीत घालायची, कारण रक्त आत नेणाऱ्या दोन्ही नळ्या त्या देठातून जातात. फितीची टोकं एका नळकांड्यातून पोटाबाहेर काढायची. ओढली की देठ आवळला, रक्त बंद. पंधरा मिनिटं बंद, पाच मिनिटं चालू, परत पंधरा मिनिटं बंद. त्याहून जास्त वेळ आवळून ठेवलं तर लिव्हरच मरायला लागतं.

"म्हणजे पायजम्याची नाडी," मी म्हणालो.

प्रमुखांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांचीच सोडली.

"फीत," ते म्हणाले.

तर मी खोटं लिव्हर बनवायचं, त्यात पंपाने खोटं रक्त फिरवायचं, आणि त्यावर डॉक्टरांनी सराव करायचा. अठ्ठावीस तारखेला विश्वस्तांसमोर चाचणी. उमेदवार दोन, स्वतः प्रमुख आणि दोन वर्षं बाहेर शिकून आलेल्या एक तरुण डॉक्टरीण. ज्याचं चांगलं होईल तो पहिलं खरं ऑपरेशन करणार. "अगदी निःपक्षपाती," साहेब म्हणाले आणि प्रमुखांकडे बघून हसले.

रोजची नोंद ठेवा असाही हुकूम आहे. ऑफिसला दाखवायची वही वेगळी केली. ही माझी.

५ जून, बुधवार

जिलेटिन, ग्लिसरीन आणि मऊ कापूस. मांसासारखं तुटायला हवं, जेलीसारखं थुलथुलायला नको. वर्कशॉपच्या शेगडीवर खाली लागलं, म्हणून सामान घरी आणलं.

बायको म्हणाली, "हे काय?"

"लिव्हर."

"कोणाचं?"

"सध्या कोणाचंच नाही."

"मग माझ्या पातेल्यात का?"

पातेलं आता हॉस्पिटलच्या मालकीचं झालं आहे, असं तिने जाहीर केलं.

८ जून, शनिवार

भंगारात काढलेल्या डायलिसिस मशिनचा पंप लावला आणि पहिलं लिव्हर फुटलं. भिंत, छत, मी, सगळं लाल. झाडणाऱ्या बाई किंचाळत पळाल्या. वॉचमनने येऊन पाहिलं आणि आपल्या वहीत लिहिलं, "वर्कशॉपमध्ये रक्तपात. जखमी कोणी नाही."

माझ्या कामाची या हॉस्पिटलमध्ये झालेली ही पहिली लेखी दखल.

१२ जून, बुधवार

चाललं! निळा डबा, वर रबराचं झाकण, झाकणाला पाच भोकं. आत लिव्हर, त्याच्या देठात एक जाड नळी आणि एक बारीक. पंपाचं बटण शून्य ते शंभर. तरुण डॉक्टरीणबाईंनी घड्याळ लावून, बादली मोजून सांगितलं की ऐंशीवर ठेवलं की जिवंत माणसाइतकं रक्त वाहतं. या बाई इतक्या ठेंगण्या आहेत की टेबलाशी उभं राहायला त्यांना स्टूल लागतं. थिएटरमध्ये सगळे त्यांना 'स्टूल मॅडम' म्हणतात. हॉस्पिटलमध्ये हा शब्द जरा जपून वापरायला हवा, पण हाच वापरतात.

दुपारी प्रमुख आले, मागे सहा शिकाऊ डॉक्टर. आत शिरताना त्यांचा डावा खांदा चौकटीवर आपटला. "दार अरुंद केलंय तुम्ही," म्हणाले. या दारातून पेशंटसकट खाट जाते. पण छातीचं माप प्रत्येकाचं वेगळं.

खरं ते लिहितो. माणसाला हात आहे. देठाभोवती फीत घालून, टोकं बाहेर काढून चार मिनिटांत तयार. मग कापायला लागले, आणि कापता कापता शिकाऊ मंडळींना आपल्या पहिल्या ऑपरेशनची गोष्ट सांगू लागले. पडद्याच्या डाव्या बाजूला रक्ताचं तळं साठत चाललं होतं. सहाही जण बघत होते. कोणी काही बोललं नाही, कारण गोष्ट अजून संपली नव्हती. शेवटी डबा भरून रक्त माझ्या बुटांवर आलं.

"पडदा डावीकडे अंधारा आहे," प्रमुख म्हणाले.

मी म्हटलं, बघतो.

१३ जून, गुरुवार

केबल बदलली.

१८ जून, मंगळवार

कॅमेऱ्याचा दिवा बदलला. पडदा बदलला. परत एक केबल बदलली. आज प्रमुखांनी तीन लिव्हरं बुडवली, तिन्ही डावीकडून. मी स्वतः पडद्याला नाक लावून पाहिलं, कोपऱ्यापर्यंत लख्ख दिसतंय. आता स्टँडच तिरका असेल असं वाटतंय.

त्यांच्यासाठी चहा मागवला होता. डाव्या कोपराशी ठेवलेला कप तसाच गार झाला आणि जाताना मला म्हणाले, "मिस्त्री, हल्ली चहाही विचारत नाही तुम्ही." मोठ्या माणसांना चहा दिसत नाही, तो हातात येऊन पडावा लागतो.

थिएटरच्या इनचार्ज सिस्टरही आल्या होत्या. त्यांनी हत्यारांचा ट्रे उचलला आणि प्रमुखांच्या उजव्या बाजूला नेऊन ठेवला. मी म्हटलं, मांडणी चांगली होती की. म्हणाल्या, "सवय."

२१ जून, शुक्रवार

स्टूल मॅडम जेवणाच्या सुट्टीत येतात. डबा उघडतात, पण जेवणाचा नाही, माझा. शेजारी गजराचं घड्याळ. पंधरा मिनिटांनी घंटा वाजली की हातातलं सगळं सोडून फीत ढिली करतात, मग कापणं कितीही रंगात आलेलं असो. आजवर माझी अकरा लिव्हरं मारली. बारावं जगलं.

जगल्यावर आनंदाने घरी जावं की नाही? नाही! मला म्हणाल्या, "काका, हे सोपं झालं. खऱ्या लिव्हरला मागच्या बाजूनेही शिरा असतात, हृदयाकडे जाणाऱ्या. फितीने आत येणारं रक्त थांबतं, पण मागची शीर फाटली तर रक्त उलटं येतं. तिथे फीत काही करू शकत नाही. भूल देणारे डॉक्टर सलाईन कमी देऊन पेशंटला कोरडं ठेवतात, तोच काय तो उपाय. तुम्ही मागे एक टाकी जोडाल का?"

आपल्याच परीक्षेचा पेपर अवघड करून मागणारी बाई मी पहिल्यांदा पाहिली. जोडली टाकी. आणि गंमत म्हणजे त्यांचं नेमकं तिथेच बिनसतं. मागची शीर फाटली की बाईंचे हात धावायला लागतात. इथे चिमटा, तिथे चिमटा, आणि बोटाएवढं भोक मुठीएवढं होतं.

२६ जून, बुधवार

आज प्रमुख एकटेच आले. दार लोटून घेतलं.

"पंप ऐंशीवर का?"

"माणसाचा तेवढा असतो, सर."

"माणसाला भूल दिलेली असते. भूलतज्ज्ञ दाब खाली ठेवतो. तुमच्या डब्यात भूलतज्ज्ञ बसलाय का?"

"नाही."

"मग माझ्या वेळी चाळीसवर ठेवा."

बोलणं बिनतोड वाटलं. जाता जाता म्हणाले, "आणि हे आपल्यातच राहू द्या." बोलणं बिनतोड असतं तर हे शेवटचं वाक्य लागलं नसतं, हे माझ्या लक्षात आलं, पण घरी येताना. तिथे मी "हो सर" म्हणून मोकळा झालो होतो.

माझ्या बाजूनेही लिहायला हवं. गेल्या वर्षी माझं अपेंडिक्स त्यांनीच काढलं, टाक्याची खूणसुद्धा दिसत नाही. शिवाय निवृत्तीला दोन वर्षं आहेत. शिवाय डबा खोटा, लिव्हर खोटं, रक्त रंगाचं. बटणही थोडं खोटं फिरलं तर कोण मरणार आहे?

२८ जून, शुक्रवार

चाचणी झाली. सभागृहात विश्वस्त, मोठा पडदा, हार नाहीत पण भाषणं पुष्कळ. साहेबांनी "पारदर्शक" हा शब्द सात वेळा वापरला.

आधी प्रमुख. पंप चाळीसवर. फीत घातली, आवळली, कापलं. रक्त आलं ते लाजत लाजत. शेवटी तुकडा बाहेर काढून दाखवला आणि टाळ्यांचा कडकडाट. एक विश्वस्त तर उभे राहिले. लिव्हर मी केलं होतं, टाळ्यांना मीच मान लववून बसलो.

मग चहा. चहात प्रमुखांनी माझ्याकडे बघून एक बोट वर केलं. मी बटण परत ऐंशीवर नेलं.

मग स्टूल मॅडम. घड्याळ लावलं. पहिली पंधरा मिनिटं छान. फीत सोडली, पाच मिनिटं थांबल्या. या पाच मिनिटांत काहीच घडत नाही म्हणून विश्वस्त कुजबुजायला लागले. दुसऱ्या फेरीला मागची शीर फाटली. हात धावले, टाकी रिकामी झाली, पडदा लाल. निकाल काय लागला ते लिहायला नको.

सगळे गेल्यावर बाईंनी स्वतः ट्रे धुतला. स्टुलावरून उतरताना म्हणाल्या, "काका, पंप आज दोन आवाजांत छान चालला."

मी म्हटलं, थँक यू. इतक्या बारकाईने माझ्या मशिनकडे लक्ष देणारं माणूस आमच्याकडे दुसरं नाही.

४ जुलै, गुरुवार

ताईचा रिपोर्ट आला.

ताई माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, मला तिने वाढवलं, बायकांचे कपडे शिवून. अजून शिवते. पोटात खडे आहेत का बघायला सोनोग्राफी केली. खडे नाहीत. लिव्हरच्या कडेला गाठ आहे. काढावी लागणार.

"लिंबाएवढी आहे म्हणतात," ताई म्हणाली. "लिंबू केवढं, ते कोणी सांगत नाही."

मी हसलो. मग मोरीत जाऊन बराच वेळ हात धूत बसलो.

६ जुलै, शनिवार

साहेबांचा स्वतःचा फोन. "मिस्त्री, अभिनंदन! पहिल्या ऑपरेशनला तुमच्याच भगिनींची निवड झाली. गाठ लहान, जागा सोयीची, पेशंट सडपातळ. आणि करणार कोण, तर दस्तुरखुद्द प्रमुख! नशीबवान आहात."

मी "हो साहेब" म्हणालो. जीभ सवयीने बोलते.

७ जुलै, रविवार

बायकोला सांगितलं. पहिल्यापासून. दार, चहा, पडदा, चाळीस, ऐंशी.

ती भाजी निवडत होती. हात थांबले नाहीत.

"म्हणजे ताईंचा डॉक्टर तुम्ही निवडलात," ती म्हणाली.

"मी फक्त बटण फिरवलं."

"तेच म्हणतेय."

दुसरी जुडी ओढून म्हणाली, "दाराला आपटला तो खांदा डावा. चहा होता डावीकडे. पडद्यावरचा अंधार डावीकडे. तुम्ही केबल बदललीत, दिवा बदललात, अख्खा पडदा बदललात. माणसाचे डोळे कोणी तपासले?"

बावीस वर्षं मी बिघाड शोधायचं काम करतोय.

८ जुलै, सोमवार

इनचार्ज सिस्टरना गाठलं. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. "आठ महिने झाले. डावीकडची अर्धी नजर गेलीय त्यांची. पोट उघडून करतात तेव्हा डावीकडे मी उभी राहते. 'सर, इथे', 'सर, तिथे' म्हणत राहते. हात चांगला आहे, निभतं. दुर्बिणीत पडदा एकच, तिथे मी काय करू?"

"मग तुम्ही बोलत का नाही?"

"तुम्ही बोललात?"

त्यांनी हातमोजे काढले आणि दुसऱ्या कामाला लागल्या. मी वर्कशॉपला आलो, दुपारभर एकच स्क्रू घट्ट करत बसलो.

१० जुलै, बुधवार

ताईला घेऊन प्रमुखांच्या ओपीडीत. बायको बरोबर यायचंच म्हणून हटून बसली होती. ताईला मी काही सांगितलं नव्हतं. बायकोने सांगितलं होतं, हे मला तिथे कळलं.

प्रमुखांनी छान समजावलं. चित्र काढलं, देठ दाखवला, फीत दाखवली. ताई म्हणाली, "म्हणजे नाडीच की." या वेळी त्यांनी दुरुस्त केलं नाही.

"काही विचारायचंय?" ते म्हणाले.

"एकच. माझ्याबरोबर किती माणसं आलीत, डॉक्टर?"

"हे काय, तुमचे बंधू."

"माझी भावजय तुमच्या डाव्या हाताला बसलीय. मघाशी तिने तुम्हाला नमस्कार केला."

प्रमुखांनी सावकाश मान पूर्ण वळवली. बायको दिसली. तिने परत नमस्कार केला. तिच्यातही कधीकधी दया नसते.

ताई म्हणाली, "रागावू नका. मला दोन वर्षं सुईचं भोक दिसत नाही. शेजारची ओवून देते, शिवते मी. गिऱ्हाइकांना सांगून टाकलंय. एकीनेही कपडे दुसरीकडे नेले नाहीत. पण न सांगता शिवलं असतं आणि बाही उलटी लागली असती तर?"

"तुम्हाला हे कोणी सांगितलं?" त्यांचा आवाज बारीक झाला होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मिस्त्री?"

"मी नाही सर, मी काहीच बोललो नाही." शब्द न् शब्द खरा होता. इतकं लाजिरवाणं खरं मी आजवर बोललेलो नाही.

"त्या ठेंगण्या मुलीने कापायचं," ताई म्हणाली. "तुम्ही शेजारी उभं राहायचं. हे चालत असेल तर सही करते. नाहीतर गाठ माझी आहे, मी घरी घेऊन जाते."

प्रमुखांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. मला वाटलं आता आम्हाला हाकलणार.

"फीत मी धरीन," ते म्हणाले.

१६ जुलै, मंगळवार

कॅमेरा बिघडला तर हाताशी असावा म्हणून मला थिएटरमध्ये उभं केलं. हिरवे कपडे, तोंडाला पट्टी. टेबलावर ताई, पण चादरीखाली, फक्त पोट दिसत होतं. ते ताईचं आहे असं मी स्वतःला सांगत नव्हतो.

स्टूल मॅडम स्टुलावर. प्रमुख त्यांच्या समोर, हातात फितीची दोन टोकं, नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे. सगळ्या हॉस्पिटलचा सर्जरीप्रमुख, आणि काम काय, तर सांगितलं की नाडी ओढणे. शिकाऊ पोरंही या कामाला नाक मुरडतात. मनातल्या मनात मी हसून घेतलं.

"आवळा सर," बाई म्हणाल्या. त्यांनी आवळली. लिव्हरचा लाल रंग माझ्या डोळ्यांदेखत राखाडी झाला. बाईंनी कापायला सुरुवात केली. कोरडं. माझ्या जिलेटिनला हा रंग कधी जमला नाही.

पंधरा मिनिटं होत आली तेव्हा बाई ऐन रंगात. "सर, एक मिनिट जास्त—"

"नाही."

"एकच, हा कोपरा—"

"सोडली."

आणि खरंच सोडली. कापलेल्या कडेतून रक्त पाझरलं, बाईंनी गॉज दाबून धरला. पाच मिनिटांची विश्रांती. प्रमुख एकदाच म्हणाले, "खांदे खाली घे." बाईंचे खांदे कानाला लागले होते, ते खाली आले.

तिसऱ्या फेरीला मागची शीर फाटली.

पडदा लाल. फीत आवळलेलीच होती, तरी लाल. बाईंचे हात धावायला लागले, अगदी माझ्या डब्यात धावायचे तसे. पुढे काय होतं ते मी डब्यात कित्येकदा पाहिलेलं होतं. मला चादर ओढून ताईचा चेहरा बघावासा वाटला.

"थांब," प्रमुख म्हणाले. मोठ्याने नाही. "चिमटा बाहेर. गॉज ठेव. दाब. शोधू नकोस काही, नुसता दाबून धर आणि शंभर मोज." मग भूलतज्ज्ञांना, "सलाईन थांबवा. दाब जितका खाली जाईल तितका न्या." मग सिस्टरना, "पोट फुगवायचा गॅस दोनने वाढवा, आतून दाब बसू दे."

बाई मोजत होत्या. पट्टीआड ओठ हलत होते. प्रमुख पडद्याकडे बघतही नव्हते. डोळे मिटून उभे होते. साठच्या आसपास म्हणाले, "कमी होतंय."

"कसं कळलं सर?" भूलतज्ज्ञांनी विचारलं.

"सक्शनचा आवाज."

शंभर झाले. बाईंनी गॉज उचलला. आत गव्हाच्या दाण्याएवढं भोक. एक टाका. दुसरा टाका. कोरडं.

चार वेळा आवळली, चार वेळा सोडली, एकदाही पंधराच्या वर नाही. गाठ पिशवीत घालून बाहेर आली. लिंबू मोठंच होतं.

प्रमुखांनी मोजे काढले तेव्हा दोन्ही तर्जन्यांवर फितीचे वळ होते. ते खिशात हात घालून निघून गेले. दाराशी सिस्टर त्यांच्या डावीकडून चालत होत्या.

१८ जुलै, गुरुवार

ताई उठून बसली. पहिला प्रश्न, "कोणी कापलं?"

"ठेंगण्या बाईंनी."

"नाडी?"

"प्रमुखांनी."

"आणि तू काय केलंस?"

"कॅमेऱ्याच्या केबलजवळ उभा होतो."

"तुटली का?"

"नाही."

"मग झालं तर," ताई म्हणाली आणि माझ्या हातावर थोपटलं. लहानपणी नापास व्हायचो तेव्हा असंच थोपटायची.

२२ जुलै, सोमवार

पेशंट बरा झाला म्हणून प्रकरण मिटेल असं वाटलं होतं. आमचं ऑफिस मी अजून ओळखलेलं नाही.

हॉस्पिटलच्या पत्रिकेत ऑपरेशनच्या आधीच छापून झालं होतं, "प्रमुखांच्या हस्ते पहिली शस्त्रक्रिया यशस्वी." आता विश्वस्त विचारताहेत, चाचणीत प्रमुख जिंकले, मग कापलं बाईंनी कसं? साहेबांनी खुलासे मागवलेत. मला आलेल्या पत्रात लिहिलंय, "दोन्ही उमेदवारांच्या वेळी यंत्र समान स्थितीत होते किंवा कसे, ते तीन दिवसांत लेखी कळवावे."

खुलासा लिहायला बसलो. पहिल्या मसुद्यात दोष रबराचा होता. दुसऱ्यात व्होल्टेजचा. दुसरा जास्त जमला. वीज कमीजास्त होत असल्याने पंपाच्या गतीत स्वाभाविक चढउतार संभवतो, वगैरे. दीड पान झालं. असं केल्याने प्रमुखांचीही अब्रू राहील, असं मी बायकोला म्हटलं.

तिने वाचलं. "व्होल्टेज बिचारं," म्हणाली आणि कागद परत दिला.

२९ जुलै, सोमवार

मला मेमो मिळालाय. बढती मिळणारच नव्हती, त्यामुळे ती काही थांबवता आली नाही. स्टूल मॅडमना पुढचं ऑपरेशन मिळालंय. प्रमुख डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. गेलेली नजर येणार नाही म्हणतात, राहिलेली टिकेल. यापुढे ते कापणार नाहीत. रोज दुपारी माझ्या डब्यावर पोरांना फीत धरायला शिकवणार. हे सगळं कसं झालं, ते लिहितो.

गुरुवारी सकाळी खुलासा घेऊन केबिनमध्ये गेलो. साहेब कपाळाला हात लावून बसले होते. समोर प्रमुखांचं पत्र. त्यांनी ते माझ्याकडे सरकवलं. तीन ओळी होत्या.

"चाचणीत माझ्या वेळी पंप चाळीसवर ठेवण्यास मिस्त्रींना मी सांगितले. माझी डावी दृष्टी आठ महिन्यांपासून अधू आहे आणि मी तपासणी टाळली. मिस्त्रींचा दोष नाही."

शेवटची ओळ मी दोनदा वाचली. पन्नास दिवस मी या माणसाच्या छातीवर विनोद करत होतो.

"आता हे फाईलला कसं लावायचं सांगा," साहेब म्हणाले. "विश्वस्त काय म्हणतील? आठ महिने आम्ही काय झोपा काढत होतो? तुमचं काय ते आणा."

मी कागद खिशात घालायच्या आधी त्यांनी हातातून घेतला. वाचता वाचता त्यांचा चेहरा उजळत गेला.

"व्होल्टेज! वा! मिस्त्री, हे छान आहे. हे कोणालाच लागत नाही. हेच लावू." प्रमुखांचं पत्र त्यांनी घडी करून बाजूला ठेवलं. "ते मी त्यांना समजावून परत देतो. भावनेच्या भरात लिहिलंय. अजून दोन-चार वर्षं आरामात कापतील."

आणि त्यांनी शिक्का उचलला.

डोक्यात शूर विचार वगैरे काही आला नाही. आला तो फक्त पुढचा पेशंट, चादरीखालचं कोणाचं तरी पोट, आणि फाईलमध्ये माझी सही असलेलं व्होल्टेज.

"साहेब, एक मिनिट. एक ओळ राहिली."

कागद त्यांच्या हाताखालून ओढला, त्यांच्याच टेबलावरचं पेन घेतलं आणि माझ्या दीड पानाच्या खाली लिहिलं, "वरील सर्व खोटे आहे. व्होल्टेज ठीक होते. बटण मी फिरवले, मला कळत होते." सही केली, तारीख घातली.

साहेबांनी वाचलं आणि खुर्चीतून उठलेच.

"अहो, काय केलंत हे! ही मूळ प्रत होती!"

"आता झाली, साहेब," मी म्हणालो.